गाऊनबंदीचा ठराव

५ जानेवारी

सोसायटीचा सेक्रेटरी झालो. बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून बिनविरोध, पण ते इथे लिहायची गरज नव्हती. लिहिलं ते लिहिलं. ऑफिसात असताना मी रोज टिपण ठेवायचो, निवृत्तीनंतर ते सुटलं होतं. आता पुन्हा सुरू करतो.

चेअरमन धनेश. आमची 'सागरछाया' ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या आजोबांची भातशेती. (सागर कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. कळंबोलीकडे जाणारे ट्रक दिसतात.) त्यामुळे चेअरमन कायम तोच. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान असेल, गळ्यात सोन्याची जाड चेन आणि खाली हाफ पँट. मीटिंगलासुद्धा हाफ पँट. मी अजूनही सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट-पँट घालतो, पट्टा लावतो, खिशाला पेन अडकवतो. सुचित्रा रोज विचारते, "अहो, कुठे निघालात?" कुठेच नाही. माणसाने नीटनेटकं असावं, एवढंच.

९ जानेवारी

आज चांगलाच धक्का बसला.

संध्याकाळी पाण्याची टाकी तपासायला खाली उतरलो. बागेच्या बाकावर बायकांचा फड जमला होता आणि एकजात सगळ्या गाऊनमध्ये. वर ओढण्या. चौकटीच्या गाऊनवर बांधणीची ओढणी, ठिपक्यांच्या गाऊनवर जरीची. ओढणी घेतली की गाऊनचा ड्रेस होतो, हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे कोण जाणे. आणि त्या घोळक्याच्या मधोमध, बशीएवढ्या जांभळ्या फुलांचा गाऊन घालून, आमच्या समोरच्या उज्वलाच्या पाठीवर थाप मारत, माझी बायको. हसत होती. ती इतकं मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं.

घरात गाऊन घालते ते मी पाहत आलो आहे. पण खाली? गेटवर भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही तोच, असं कळलं. इतकी वर्षं मी त्या वेळी ऑफिसात असायचो, मला कुठून दिसणार?

वर आल्यावर विचारलं. म्हणाली, "गाऊनला काय झालं? ओढणी होती की."

कपाट उघडलं तर साड्या अंगावर कोसळतील इतक्या आहेत. दर दिवाळीला मी स्वतः दादरला जाऊन तिच्यासाठी साडी आणतो. मोतिया रंग, बारीक काठ, अगदी तिला आवडते तशी. आणि ही जांभळी फुलं पांघरून बाकावर बसते. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू विकतचे. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. समोर उज्वलाकडे हळदीकुंकू होतं, त्यालाही गेली नाही. काळी साडी काढून ठेवली होती, ती परत कपाटात. हात दुखतोय म्हणाली. हिचं काही ना काही दुखत असतं. बाम लाव म्हटलं.

१८ जानेवारी

लिहायलासुद्धा हात धजत नाही. सुचित्राने केस कापले. कमरेपर्यंत वेणी होती, आता मानेवर शेपटी राहिली आहे. पार्लरमध्येही नाही, उज्वलाने बाथरूममध्ये बसवून कापले.

"का?" म्हटलं.

"विंचरायला सोपे पडतात."

केस विंचरायलाही आता सोपे लागायला लागले. ही उज्वला रोज सकाळी येते, दोघी आत जातात आणि दार लावून घेतात. कसली एवढी खलबतं चालतात देव जाणे. तिच्याच नादाने हे सगळं चाललंय असा माझा संशय आहे. जेवताना मी एक अक्षर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

२२ जानेवारी

आज तर हद्द झाली.

धनेशची मुलगी मनस्वी, तिचं लग्न ठरलंय. आज उरणहून त्याचे होणारे व्याही आले होते. मोठी गाडी, मोठी माणसं. सेक्रेटरी म्हणून मी गेटवर स्वागताला. गाडीतून उतरताच वराच्या काकांनी बाकाकडे पाहिलं, सगळ्या गाऊनवाल्या तिथे बसलेल्या, आणि मला हळूच विचारलं, "इथं मॅटर्निटी होम हाय का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धनेश मात्र पोट धरून हसत होता. त्याला लाज कशाची नाहीच. मी तिथेच ठरवलं, हे थांबलं पाहिजे.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर तिथेच सभा घेतली. विषय मांडला: आवारात, लिफ्टमध्ये आणि गेटवर गाऊन घालून वावरू नये. पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा नाव फळ्यावर.

धनेश म्हणाला, "काका, कशाला लोड घेता? बायकांशी पंगा घेऊ नका. आमच्या आईचं लुगडं गुडघ्याच्या वर असतं, तिचं पण नाव लिवनार का?"

मी म्हटलं, "लुगडं हा परंपरेचा पोशाख आहे. गाऊन हा झोपायचा कपडा आहे."

ठराव पास झाला. सभेला बायका नव्हत्या, त्या वर पोहे करायला गेल्या होत्या. त्यांना काय वाटतं हे विचारायला हवं होतं, असं एकजण म्हणाला खरा. पण कोरम पूर्ण होता.

२७ जानेवारी

नोटीस लावली. दुपारपर्यंत कुणीतरी तिच्याखाली पेनाने गाऊन काढून ठेवला होता, वर ओढणीसकट, आणि त्या बाईला माझ्यासारखा चष्मा. सुशिक्षित माणसांची सोसायटी आहे ही.

सुचित्राने नोटीस वाचली. एवढंच विचारलं, "गेटपर्यंतसुद्धा नाही?"

"नाही. नियम तो नियम. आणि तू तर सेक्रेटरीची बायको. तूच पाळला नाहीस तर लोक काय म्हणतील?"

"बरं," म्हणाली.

मला वाटलं होतं भांडेल. सरळ ऐकलं. मनातून बरं वाटलं.

३० जानेवारी

सुचित्रा त्या दिवसापासून खाली उतरलेली नाही. सुंठेवाचून खोकला गेला. मात्र भाजी आता मलाच आणावी लागते. आज टोमॅटो पिळून बघितले म्हणून भाजीवाला माझ्यावर खेकसला.

दुपारी चार वाजता ती बाजूच्या बिल्डिंगमध्ये कसल्याशा क्लासला जायची, तेही बंद झालं. भजनाचा असावा. म्हटलं, "साडी नेस आणि जा की. साडीला कुणी बंदी केली नाही."

"राहू दे," म्हणाली.

"मग पंजाबी ड्रेस घाल."

"एका हाताने नाडी बांधून बघा कधीतरी," म्हणाली आणि आत गेली. काय बोलायचं याला? दोन हात दिले आहेत की देवाने.

३ फेब्रुवारी

घरात कशालाच धरबंध राहिलेला नाही. मसाल्याचे डबे, डाळी, चहा-साखर, सगळं वरच्या फळीवरून काढून ओट्याखाली जमिनीवर मांडलंय. वरची फळी रिकामी. डब्यांतून उंदरांना मेजवानी देण्याचा विचार असावा.

त्याहून वाईट म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. एकावर एक आडव्या रेघा. गेल्या दिवाळीत रंग दिलाय, पेंटरच्या मागे उभा राहून करून घेतलाय. सगळ्यात वरची रेघ माझ्या खांद्याच्याही खाली. कुणाच्या तरी पोराची उंची मोजली असणार, घरात बायकांची ये-जा कमी का आहे? मी खोडरबर घेऊन एकेक रेघ खोडली, मग ओल्या फडक्याने पुसलं. भिंत पुन्हा होती तशी झाली.

सुचित्रा आली. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, छान झालं म्हणेल. ती चहा गाळायला लागली. डाव्या हाताने गाळत होती, सगळा ओट्यावर सांडला.

७ फेब्रुवारी

बंगळूरहून क्षिप्राचा फोन. मुलगी आहे की हेडमास्तरीण, कळेना.

"बाबा, आईने क्लास बंद केला?"

"हो. मी कुठे नको म्हटलं?"

"तो कसला क्लास आहे ते माहितेय तुम्हाला?"

"भजनाचा."

मग म्हणाली, "आईने मला शपथ घातलीय, मी सांगणार नाही. तुम्हीच विचारा. बाबा, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" आणि फोन ठेवला.

वडिलांशी बोलायची ही पद्धत? भजनात शपथ घालण्यासारखं काय असतं? विचारायचं तर सुचित्राने मला आपणहून सांगायला हवं. मी नाही विचारणार.

११ फेब्रुवारी

धनेश आणि त्याची आई पुतळाबाई आमंत्रण घेऊन आले. मनस्वीची हळद वीस तारखेला, मैदानावर मांडव. त्यांच्यात हळदीला घरच्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. आम्ही त्यांना घरचेच, म्हणून सोसायटीतल्या प्रत्येक बाईला साडी. हळदीसारखी पिवळीधमक, लाल काठ. मला जरा भडक वाटली, पण मान मोठा आहे.

"सगल्या बायांनी हीच नेसाची," पुतळाबाई म्हणाल्या. "येकच रंग दिसला पायजे."

सुचित्राने साडी घ्यायला डावा हात पुढे केला. आहेराला डावा हात.

"उजवे हातान घे गो बाय," म्हातारी म्हणाली.

मग हिने डाव्या हाताने उजवा हात धरला, पोटाजवळून हळूच पुढे आणला आणि साडी घेतली. काय ही तऱ्हा. पुतळाबाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या, पण बोलल्या नाहीत. जुन्या माणसांना पोच असते.

ते गेल्यावर मी स्पष्ट सांगितलं, हळदीला पहिल्या रांगेत बसायचंय, व्याही ओळखतात मला. नीट साडी नेसून यायचं. ती साडीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "रंग सुंदर आहे." हिला भडक रंग कधीपासून आवडायला लागले?

१८ फेब्रुवारी

आज घडलं ते जमेल तसं लिहितो.

सकाळी म्हटलं, आयत्या वेळी घोळ नको, एकदा नेसून बघ. म्हणाली, "मी हळदीला येत नाही. तुम्ही जा." माझा पारा चढला. मी बोलू नये ते बोललो. आळस भरलाय म्हटलं, उज्वलाने डोकं फिरवलंय म्हटलं, चारचौघांत माझी शोभा करायची ठरवलीयस का म्हटलं. ती ऐकत होती. मग कपाटातून एक जुना लाल ब्लाउज काढून माझ्या हातात दिला.

"मग तुम्हीच नेसवा."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. ती पाठ करून उभी राहिली.

एवढ्या संसारात मी ब्लाउज कधी हातात धरला नव्हता. डावी बाही गेली. उजव्या बाहीत हात जाईना, म्हणून मी तिचं कोपर धरून हात जरा वर केला. जरासाच. ती ओरडली नाही. तिच्या तोंडून वारा गेल्यासारखा आवाज आला आणि ती खाली बसली. जमिनीवर. चेहरा पांढरा पडला होता आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

मी पाणी आणलं. ग्लास तिने डाव्या हाताने घेतला. तेव्हा कुठे मला दिसलं की उजवा हात मांडीवर तसाच पडून आहे.

खांदा धरलाय. दसऱ्याच्या आधीपासून. हात छातीच्या वर जात नाही, पाठीमागे जात नाही. हुक लावता येत नाहीत, निऱ्या खोचता येत नाहीत, पदर खांद्यावर टाकता येत नाही, वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही. लाडू वळता येत नाहीत. उज्वला रोज सकाळी येऊन तिला आंघोळीला मदत करत होती. गाऊनला पुढे चेन आहे, तेवढा एकच कपडा तिला एकटीला घालता येतो. चारचा क्लास म्हणजे फिजिओथेरपी. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवसही चुकवू नका, नाहीतर हात असाच राहील.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दसऱ्याला सांगितलं, दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं. तुम्ही म्हणालात, बाम लाव."

"आणि नोटीस लागल्यावर? तेव्हा तरी?"

"तेव्हा मला राग आला होता. म्हटलं, आता हे विचारतील तेव्हाच सांगायचं."

मग तिने भिंतीचं सांगितलं. व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चढवायची, जिथपर्यंत पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. दिवसेंदिवस खूण वर जात होती. त्या मी खोडरबर घेऊन खोडल्या. वर ओल्या फडक्याने पुसलं.

मला पुढे लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून पहिलं काम केलं. ठरावाला पुरवणी लिहिली: 'वैद्यकीय कारणास्तव सौ. सुचित्रा यांना गाऊन वापरण्यास सूट देण्यात येत आहे.' सही केली, शिक्का मारला, तिला दाखवली. वाटलं, तिला बरं वाटेल.

तिने वाचली आणि घडी करून परत माझ्या खिशात ठेवली, पेनाच्या मागे.

"म्हणजे हात बरा झाला की सूट बंद?"

"अर्थात. मग गरजच काय?"

ती मला कपाटाकडे घेऊन गेली. साड्या काढायला लावल्या, एकेक करून पलंगावर. "ही तुमच्या आईने दिलेली. ही वन्संनी, त्यांना कुणीतरी दिलेली, त्यांना नको होती म्हणून मला. ही क्षिप्राच्या बारशाची, माझ्या काकूची. ही तुमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नातला आहेर. हा मोतिया तुमचा. हाही. हाही. हाही."

"मोतिया तुला आवडतो ना."

"तुम्हाला आवडतो."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. दर दिवाळीला दादरच्या गर्दीत तासभर उभा राहून मी स्वतःच्याच आवडीची साडी आणत होतो. आणि ती दर दिवाळीला ती नेसून मला चहा देत होती.

मग तिने खालच्या खणातून गाऊन काढले. जांभळ्या फुलांचा, एक पोपटी, एक केशरी. "हे मी आणले. पनवेलच्या बाजारात जाऊन, दहा दुकानं फिरून. कापड मी बघितलं, रंग मी निवडला, किसन टेलरला सांगून खिसे लावून घेतले. घराची किल्ली राहते, मोबाईल राहतो, दोन्ही हात मोकळे. या एवढ्या कपाटात माझ्या मनाचं म्हणाल तर एवढंच आहे." आणि म्हणाली, "हात दुखायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून मी हे घालते. दुखायचा थांबला तरी घालणार. मला आवडतात म्हणून."

"मला हे माहीतच नव्हतं, गं."

"तुम्हाला माहीत नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. चिडून नाही. साड्यांच्या घड्या एका हाताने पुन्हा रचत होती, म्हणून मीही रचायला लागलो. माझ्या घड्या वाकड्या पडत होत्या.

दुपारी चार वाजता तिला क्लिनिकला घेऊन गेलो. पोपटी गाऊनवर ओढणी. लिफ्टमध्ये दोघीजणी होत्या, दोघींनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी इंडिकेटरकडे बघत राहिलो.

परत येताना ती म्हणाली, "हळदीला यायचं मला. पण माझ्या पद्धतीने. ती पिवळी साडी किसनकडे द्या. त्याच्याकडे माझं माप आहे. म्हणावं, काठ खाली घेरावर येऊ दे, पदराची ओढणी कर. आणि खिसा डावीकडे."

आहेराची साडी, हळदीच्या आदल्या दिवशी, कापायची. मी पायरीवर थांबलो. ती पुढे गेली.

किसनने साडी उलगडली आणि मला विचारलं, "सेक्रेटरी साहेब, नक्की ना? गाऊनच ना?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "हो. गाऊन. खिसा डावीकडे." त्याने कात्री घातली तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

२१ फेब्रुवारी

कालचं आज लिहितो.

मांडवात सगळं पिवळंच पिवळं. सोसायटीतल्या, गावातल्या, कितीतरी बाया, एकच साडी, एकच लाल काठ. बँड लागलेला. त्यात आम्ही शिरलो. मी इस्त्रीच्या शर्टात, आणि माझ्या शेजारी सुचित्रा, पिवळा गाऊन, घेरावर लाल काठ, गळ्याभोवती पदराची ओढणी. बायकांच्या माना एकापाठोपाठ एक वळताना मला दिसत होत्या. धनेश पुढे आला, गाऊन बघितला, मला बघितलं.

"काका, तुमचा रूल?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुतळाबाई आल्या. हळदीने हात माखलेले, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. सुचित्रासमोर उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं. यांनी मानाने दिलेली साडी आम्ही फाडून आणली.

त्यांनी काठ दोन बोटांत धरून बघितला. "साडीचा केलास?"

"हो, आई. हात वर होत नाही माझा. आणि मला हेच बरं वाटतं. तुम्ही दिलेला रंग सोडवेना."

म्हातारीने गाऊन इकडून तिकडून बघितला आणि डाव्या बाजूला हात घातला. तो आत गेला. "आगो, ह्यान त खिसा पन हाय." कमरेच्या बटव्यातून पान काढून तिने सुचित्राच्या खिशात टाकलं, हात बाहेर काढून पुन्हा घालून बघितला. मग धनेशला म्हणाली, "कोनच्या रूलची गोष्ट करतस रं? मना पन आसाच शिवाचा हाय. मनस्वीचे पूजेला घालीन."

धनेश माझ्याकडे बघून हसला, पण त्या दिवशी गाडीजवळ हसला होता तसं नाही. आणि पुतळाबाईंनी दोन्ही हातांची हळद सुचित्राच्या उजव्या हाताला, खांद्यापासून मनगटापर्यंत, हळूहळू चोळली. दुखत असणार. पण ती हसत होती, बाकावर हसायची तसंच मोठ्याने.

नंतर ती नाचली. डावा हात वर करून, उजवा पोटाशी धरून. मी तिला नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. उज्वला ओढायला आली, पण मी खुर्चीवरून उठलो नाही, उठलो असतो तर मला सुचित्राला बघता आलं नसतं. शर्टावर कुणीतरी हळदीचे पाच बोटांचे ठसे उमटवलेत. ते धुतल्यावर जाणार नाहीत, सुचित्रा म्हणते. जाऊ देत की राहू देत, मला ठरवता येत नाही.

२३ फेब्रुवारी

नोटीस काढली. खरं तर नुसती औपचारिकता. हळदीच्या दुसऱ्या दिवसापासून बाक पुन्हा भरलाय आणि कुणीही मला विचारलेलं नाही. ठराव मागे घ्यायला सभा बोलावली पाहिजे, पण धनेश म्हणाला, "काका, सोडा ना." सोडलं. चष्मा लावलेल्या गाऊनवाल्या बाईचं चित्र मात्र मी फाडलं नाही. सुचित्राला दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्यासारखीच दिसते." मला तसं वाटत नाही.

आज मी पट्टा लावला नाही. शर्ट बाहेर काढून खाली भाजी आणायला गेलो. कुणीच बघितलं नाही. जरा अपमान वाटला, मग बरं वाटलं.

१ मार्च

चार वाजता क्लिनिक. मग घरी आल्यावर भिंत. सुचित्रा दारामागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते, बोटं भिंतीवर ठेवते आणि मुंगीसारखी वर चढवते. मी पेन्सिल घेऊन शेजारी उभा. ती डोळे मिटून घेते, ओठ आवळते, मला बघवत नाही, पण बघतो. "इथे," म्हणते. मी रेघ ओढतो.

तिने क्लास बंद केला तेव्हा हात याच्याहून वर जात होता, असं ती म्हणते. किती वर, ते आता दोघांनाही माहीत नाही. भिंतीवर ते होतं.

आज मी पहिल्या रेघेशेजारी तारीख घातली. अक्षर मुद्दाम ठळक काढलं. सुचित्रा म्हणाली, "अहो, रंग खराब होतोय." मी म्हटलं, भिंत पुसायची नाही, असा ठराव मी मांडतो.

तिने डावा हात वर केला. बिनविरोध.